तालमीचा रेडिओ आणि दोन मिश्या

१

गुन्हेगार कितीही हुशार असो, तो मागं काहीतरी खूण ठेवून जातोच, आणि जाणत्या नजरेपुढं ती खूण लपून राहत नाही. हे वाक्य लालासाहेब हवालदार तंबाखूला चुना लावताना हमखास उच्चारत. मिल्ट्री पोलिसातल्या सगळ्या नोकरीचं सार त्यांनी या वाक्यात आणलं होतं. त्या नोकरीत त्यांनी छावणीच्या चौकात उभं राहून ट्रकांना हात दाखवले होते. तपास म्हणाल तर एकच. कर्नलसाहेबांच्या मडमेचं कुत्रं हरवलं होतं, आणि हवालदार पट्टा आवळून शोधायला निघेपर्यंत ते स्वतःच्या पायांनी परत आलं होतं.

तांबखडीची माणसं या बारकाव्यात कधी शिरली नाहीत. पोलिसात म्हणजे पोलिसात. त्यामुळं अठ्ठ्याहत्तर सालच्या विधानसभेची मतमोजणी विट्यात सुरू झाली, त्या रविवारी सकाळी चार माणसं पळत आली ती थेट हवालदारांच्या ओट्यावर.

"हवालदार, तालमीतला रेडिओ गेला!"

"कुठं गेला?"

"त्ये ठावं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

हवालदारांनी टोपी घातली आणि बॅटरी उचलली. ही बॅटरी तीन सेलची होती, पितळी, हातभर लांब, आणि भर उन्हातसुद्धा ती घेतल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. शुक्रवारी संध्याकाळी मतदानाचा स्टाफ पेट्या घेऊन शाळेत मुक्कामाला आला, तेव्हा ओढ्यातून त्यांना वाट दाखवायचा मान हवालदारांना मिळाला होता, आणि त्या दिवसापासून बॅटरीचा उजेड असा लख्ख पडत होता की समोरच्याला डोळे मिटावे लागत.

"चला," हवालदार म्हणाले. "गुन्हेगार खूण ठेवून जातोच."

त्यांची बायको मनुबाई आतून म्हणाली, "आवं, जाताना रंगूचं पातेलं तेवढं द्या जावा. काल आनलंय."

"मनू, हितं चोरी झालीया, आनि तू पातेलं घिऊन बसलीस?"

पातेलं तिथंच राहिलं. तपासाच्या दृष्टीनं ती पहिली चूक होती.

२

रेडिओ गेला म्हणून एवढा गलका कशाला, असं परगावच्या माणसाला वाटेल. त्याला पैज माहीत नसणार.

यंदाची निवडणूक चुरशीची होती. एका बाजूला भाऊसोंची सायकल, दुसऱ्या बाजूला नानासोंचा तराजू. कपबशी घेऊन एक तिसराही उभा होता, पण त्याची जीप तांबखडीत एकदाच आली, आणि तीही चुकून. रस्ता विचारून गेली. गावात उभी फूट होती ती सायकल आणि तराजूची. सायकलवाल्यांचा म्होरक्या आकाराम, तराजूवाल्यांचा नाथाजी. दोघं तारुण्यात एकाच मातीत कुस्ती खेळलेले, आणि दोघांच्या मिश्या अशा की एस.टी.त बसले की शेजारचा सरकून बसे.

महिन्यापूर्वी या दोघांनी मारुतीच्या पायाला हात लावून पैज मारली होती. ज्याचा माणूस पडेल, त्यानं सगळ्या गावासमोर मिशी उतरवायची.

आता निकाल कुठला धरायचा, हा प्रश्न होता. गेल्या वर्षी लोकसभेला एकानं घरच्या रेडिओवर अर्धंच ऐकलं, आणि भलत्याच माणसाच्या नावानं गावभर गुलाल उधळला गेला. म्हैशी आठवडाभर गुलाबी होत्या. म्हणून या वेळी अट घालण्यात आली. घरच्या रेडिओवरचं खरं नाही, पेपरातलं खरं नाही, कंडक्टर सांगेल ते तर अजिबात खरं नाही. फौजेतल्या पोरांनी कँटीनमधून आणून दिलेला तालमीचा रेडिओ मारुतीसमोर बोलेल, तोच निकाल. पंच म्हणून लालासाहेब हवालदार.

पैज लागली तेव्हा सगळे हसले. त्यानंतर पंधरवड्यात आकारामच्या शालनचं लग्न नाथाजीच्या फौजी हणमंताशी ठरलं, आणि हसू थांबलं. लग्न येत्या गुरुवारी होतं. आमच्याकडं मिशी उतरते ती बाप गेल्यावर. मुलीच्या किंवा मुलाच्या बापानं सुतकी तोंड घेऊन मांडवात उभं राहायचं, हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना मान्य नव्हतं. मुहूर्त मोडा, म्हणाले. हणमंताची रजा शनिवारी संपत होती, आणि पुढची रजा कधी मिळेल ते त्याच्या साहेबालाच ठाऊक.

पैज मागं घ्यावी, असं दोघांनाही मनातून वाटत होतं. पण मारुतीच्या पायाला लावलेला हात आधी कुणी उचलायचा? प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघत होता.

आणि शालनची आई रंगूबाई ही हवालदारांची धाकटी बहीण. म्हणजे रेडिओ सापडला तर पंच म्हणून हवालदारांचा मान राहणार होता, आणि मामा म्हणून भाचीचं लग्न मोडणार होतं. असा तपास मिल्ट्री पोलिसात कुणाला मिळाला नसेल.

३

तालमीत हवालदार चपला बाहेर काढून शिरले. आत अंधार. त्यांनी बॅटरी मारली.

खांद्याएवढ्या फळीवर रेडिओची जागा रिकामी होती. अगदी रिकामी म्हणता येणार नाही, तिथं मूठभर ज्वारी पडली होती. हवालदारांनी "उंदीर" असा निष्कर्ष काढून ती फुंकून टाकली, आणि बोटांचे ठसे शोधू लागले. ठसे कसे दिसतात हे त्यांना माहीत नसल्यामुळं ते काम लवकर आटोपलं.

मग त्यांनी खाली पाहिलं. दारापासून फळीपर्यंत जायचं तर कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीवरूनच जावं लागे. पण हवालदारांच्या स्वतःच्या पावलांशिवाय मातीवर एकही पाऊल नव्हतं; चौघांनी रिकामी फळी दारातूनच पाहिली होती. उलट माती दिवाळीच्या अंगणासारखी स्वच्छ होती, तिच्यावर एकाला एक लागून चंद्रकोरी उठल्या होत्या.

"बघा," हवालदार म्हणाले. "चोरानं माती सारखी करून पाऊल मोडलंय. म्हंजी ह्यो तालमीतलाच गडी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तालमीत बाईमाणूस पाऊल टाकत नाही, ते मारुतीला चालत नाही. त्यामुळं अर्धं गाव तिथल्या तिथं निर्दोष सुटलं. राहिले पुरुष. त्यातले तरणे पोरगे पहाटेच ट्रकात बसून विट्याला मोजणीला गेले होते. राहिले म्हातारे आणि बापये.

इतक्यात विट्याची पहिली एस.टी. आली आणि कंडक्टरनं सायकल पुढं असल्याची बातमी दिली. आकारामनं मिशीला पीळ दिला. पण पीळ देताना त्याचा चेहरा हवालदारांना काही ठीक दिसला नाही. दुसऱ्या गाडीनं तराजू पुढं आणला. आता नाथाजीनं पीळ दिला, आणि त्याचाही चेहरा तसाच. जिंकणारा माणूस असा दिसत नाही, हवालदारांनी मनाशी नोंद केली, आणि तिचं काय करायचं ते न कळल्यामुळं बाजूला ठेवली.

"पन मी म्हंतो," गर्दीतून कुणीतरी बोललं, "मिशी उतरवायची तर वस्तारा कुनाचा? गुंडाचा. त्यो गुंडा हाय कुठं सकाळपासनं?"

गुंडा न्हावी घरी नव्हता. शेतात नव्हता. खुंटीवरची त्याची हत्यारांची धोकटीही नव्हती.

४

गुंडा कुंडलच्या स्टँडवर सापडला. मिरजेच्या गाडीची वाट बघत धोकटी पोटाशी धरून तो बाकड्याखाली बसला होता. बाकड्यावर का नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, "वर दिसतुया की मानूस."

"रेडिओ कुठाय रं?"

"रेडिओ? हवालदार, मी माज्या भावाकडं निगालोय. मला त्यो रेडिओ ऐकायचा सुदिक न्हाई."

"मग पळालास कशापायी?"

गुंडा बाकड्याखालून बाहेर आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आवं, आकारामदाचा बा, त्येचा बा, सगळ्यांची दाढी आमच्या घरानं केलीया. नाथाजीदाच्या हनमंताचं जावळ म्या काढलंय. कुनाची बी मिशी उतरवली तर त्या घरचं सुगीचं बलुतं तुटलं माजं. आनि सुगीचं बी सोडा. हनमंताच्या लग्नाची हजामत करायची ती मी, आनि ते लगीन मोडायचं ते बी मीच? वस्तारा सकाळीच हिरीत टाकलाय. हितं बघा, धोकटीत न्हाई."

धोकटीत वस्तारा नव्हता. कात्री, आरसा आणि एक कांदा होता.

"जाताना तालमीवरनं गेलास?"

"गेलो की. झुंजुमुंजू झालतं. आतनं आवाज येत हुता. खसाखसा. माती वढत्यात तसा. मला वाटलं, पोरं हौदा सारखा करायलीत."

"पोरं तर ट्रकात बसून गेलती."

"मंग म्हातारं कुनीतरी आसंल," गुंडा म्हणाला, आणि लगेच घाबरून तोंडावर हात ठेवला.

हवालदारांच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरं गेल्यावर पहाटे तालमीत माती सारखी करणारा म्हातारा पैलवान. असे गावात दोनच होते, आणि दोघांनाही पडायची भीती होती.

प्रश्न इतकाच उरला, की त्यातला कोण?

५

आकाराम गोठ्यात सापडला. मांडवाचे बांबू शेजारी पडले होते आणि तो त्यातल्या एकावर बसून दुसऱ्याकडं बघत होता.

"दाजी," हवालदार म्हणाले, "रेडिओ तुमीच न्हेलाय. कबूल करा, म्हंजी मी गप बसतो."

"म्या? आवं हवालदार, सायकल पडंल म्हनून मी रेडिओ कशाला न्हीन?" आकारामनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमास्नी म्हनून सांगतो. रंगूला बी ठावं न्हाई. मारुतीची आन घ्या."

"घेतली."

"म्या काल तराजूवर शिक्का मारलाय."

हवालदारांनी बॅटरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आवं, तुमी सायकलवाल्यांचं म्होरकं!"

"म्होरक्या गावात. आत पडद्यामागं मी एकटाच की. म्हनलं, नाथाजीची मिशी राहूंदे. पोरीला सासऱ्याच्या घरात नांदायचंय. सासऱ्याची मिशी बापानं उतरवली म्हनून जलमभर तिला टोमणं खायला लावू? मानसं दहा तोंडानं बोलत्यात, पोरगी एक हाय. माजी जाऊंदे मिशी. यील परत. लगीन मोडू न्हाई म्हनून मी म्हाताऱ्यांच्या पायाबी पडलो असतो." त्यानं मिशीवरून हात फिरवला, एखाद्या लाडक्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "गाडीवाल्यानं सायकल म्होरं म्हनून सांगितलं तवा म्या पीळ दिला, त्यो नुसता लोकांस्नी दावायला."

गोठ्यातून निघताना हवालदारांना मागल्या दाराशी टेकवलेली एक काठी दिसली, पण त्यांचं मन दाजींच्या शिक्क्यातच होतं. आकाराम यादीतून गेला. मग नाथाजीच, यात शंका नव्हती.

नाथाजी त्यांना ओढ्याच्या कडेला भेटला. हवालदारांनी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "हवालदार, एक सांगू? पन मारुतीची आन घ्यायला लागंल."

हवालदारांनी त्या दिवसातली दुसरी आन घेतली.

"काल म्या सायकलीवर शिक्का मारलाय."

हवालदार ओढ्यातल्या दगडावर बसले.

"आवं, तसं काय बघताय? पोरीच्या बापाची मिशी गेली तर त्येनं मांडवात मान वर कशी करायची? पोरीचा बाप आधीच वाकल्याला असतोय. मी पोराचा बाप. माजं मिशीबिगर चालतंय. आनि शालन पोरगी आपली, हवालदार. आजारी पडलो तवा तिनं न मागता पेज आनून दिलीया. तिच्या बापाचं तोंड मी बोडकं करू?"

दोन म्होरक्यांनी एकमेकांची मिशी वाचवण्यासाठी एकमेकांच्या उमेदवाराला मत दिलं होतं. दोन्ही मतांची वजाबाकी होऊन निकालावर परिणाम काहीच झाला नव्हता. हवालदारांना दोघांचं गुपित माहीत होतं, आणि दोन्हींवर मारुतीची आन असल्यामुळं ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

आणि रेडिओ दोघांनीही नेला नव्हता.

६

हवालदार घरी आले ते पार गळून. ओट्यावर पातेलं तसंच होतं.

"आता तरी द्या जावा," मनुबाई म्हणाली. "कालपासनं पडलंय. रंगूला कार्यात भांडी लागत असतील."

हवालदारांनी पातेलं उचललं. आत काहीतरी खुळखुळलं. त्यांनी वाकून पाहिलं. तळाशी मूठभर ज्वारी होती.

"मनू, ह्यात ज्वारी कशी? उंदरानं आनली व्हय?"

मनुबाईनं नवऱ्याकडं असं पाहिलं, जसं सगळ्या संसारात तिनं फारच क्वचित पाहिलं असेल.

"उंदीर कशाला आनंल? म्या घातलीया. लोकाच्या घरचं घ्यायचं, आनि रिकामं ठेवायचं व्हय? भांडं असू न्हाईतर जागा असू. घेतलं की मूठभर मागं ठेवावं. तुमची आय बी तसंच करायची. इतकी वर्सं जेवताय, ठावं न्हाई?"

हवालदार पातेलं धरून उभेच राहिले. फळीवरची मूठभर ज्वारी त्यांच्या डोळ्यांपुढं आली. आपण फुंकून टाकलेली. आणि मग माती. तालमीची पोरं हौदा सारखा करतात ते जाड फळकूट ओढून. त्या फळकुटानं माती सपाट होते, तिच्यावर चंद्रकोरी उठत नाहीत. चंद्रकोरी उठतात त्या अंगण झाडताना, केरसुणीनं, मागं मागं सरकत. त्या रोज पहाटे त्यांच्याच अंगणात उठत होत्या, आणि ते रोज त्या पायानं मोडत तंबाखू थुंकायला जात होते.

ज्वारी ठेवणारं आणि माती झाडणारं माणूस तांबखडीत पुरुष असणं शक्य नव्हतं. जे अर्धं गाव त्यांनी सकाळी निर्दोष सोडलं होतं, त्यातच चोर होता.

आणि पातेलं ज्या घरी पोचवायचं होतं, त्या घरात आज मागल्या दाराशी त्यांनी एक ओळखीची काठी टेकवलेली पाहिली होती. आकारामच्या गोठ्यातून निघताना दिसली होती. कुणाची, ते आता आठवलं. हरणाबाईची. नाथाजीच्या बायकोची. मुलाच्या आईचं लग्नाआधी मुलीच्या घरी काय काम? तेही मागल्या दारानं?

"देतो पातेलं," हवालदार म्हणाले, आणि निघाले.

७

रंगूबाईच्या माजघरात रुखवत मांडून ठेवला होता. करंज्या, लाडू, कागदी फुलांची झाडं, साखरेचा बैल. मधोमध बांबूची एक मोठी बुट्टी, तिच्यावर शालननं विणलेला क्रोशाचा रुमाल. बुट्टीशेजारी शालन बसली होती. रंगूबाई चुलीपाशी. हरणाबाई भिंतीला टेकून. विहिणबाया एकमेकींना मांडवात उखाण्यातून शिव्या देतात, इथं मात्र दोघींच्या हातात एकाच किटलीतला चहा होता.

हवालदारांनी पातेलं खाली ठेवलं.

"रंगू, ह्या बुट्टीत काय हाय?"

"रुखवत हाय, दादा. हात लावू नगंस. नजर लागती."

"रुखवताला शेणाचा वास येतोय."

शालननं रुमालाचं टोक घट्ट धरलं.

"तुमी दोघी पहाटं शेणाची बुट्टी घिऊन निगालात," हवालदार म्हणाले. "पोरांचा ट्रक गेला तसं तालमीत शिरलात. केरसुनी घरनं न्हेली. रेडिओ बुट्टीत घातला, वरनं गोवऱ्या. निगताना मागं मागं सरकत माती झाडलीत. आनि फळीवर मूठभर ज्वारी ठेवलीत. चोरी करताना बी जागा रिकामी ठेववली न्हाई तुमास्नी."

हरणाबाई पहिल्यांदा बोलली. "चोरी कशी, दादा? चोरी आसती तर ज्वारी कशाला ठेवली आसती? उसना आनलाय. शुक्रवारी परत ठेवणार हुतो."

"मारुतीच्या तालमीत बाईमानूस गेलं! तुमास्नी भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की," रंगूबाई म्हणाली. "पाया पडून म्हनलं, बाबा मारुती, तू ब्रम्हचारी, तुला मांडवातलं काय कळायचं? पन आमच्या गड्यांनी तुज्याच पायाला हात लावून गाढवपना केलाय, तवा तूच डोळं मीट. वाईच तेल बी घातलं." ती पदर सावरत भावापुढं आली. "दादा, तू पंच हायस. घिऊन जायाचा तर जा. आमी आडवत न्हाई. पन तू ह्या पोरीचा मामा बी हायस. गुरवारी तिच्या मागं हुबा कोन राहनार?"

हवालदारांनी शालनकडं पाहिलं. ती बघत नव्हती. रुमालाचं टोक मात्र सोडलं नव्हतं. हरणाबाईचा हात तिच्या पाठीवर होता.

बुट्टी उचलली की पंचाचं काम पुरं होणार होतं. हवालदार खाली वाकले, रुमाल एका कोपऱ्यात जरा वर गेला होता तो त्यांनी नीट ओढला, आणि साखरेच्या बैलाचं एक शिंग तोडून तोंडात टाकलं.

"रुखवत चांगला झालाय," ते म्हणाले. "ह्येला कुनी हात लावायचा न्हाई. पोलिसानं बी."

"दादा, तुजं लय उपकार झालं रं," रंगूबाई म्हणाली, आणि मग रडली.

८

शेवटची एस.टी. आली तेव्हा सगळं गाव स्टँडवर होतं. दिवसभर गाड्यांनी सायकल आणि तराजू इतक्या वेळा खालीवर केले होते की लोकांच्या माना दुखत होत्या. कंडक्टर खाली उतरला आणि टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"कोन आलं?"

"कपबशी."

"कोन?"

"कपबशी, आवं. सायकल आनि तराजूनं एकमेकाची मतं खाल्ली, आनि थोड्या मतांनी मधनं कपबशी गेली. मोजनी दोनदा झाली."

मग गर्दीतल्या एका हिशेबी म्हाताऱ्यानं हळूच म्हटलं, "म्हंजी भाऊसो बी पडलं, नानासो बी पडलं. म्हंजी पैजंनं बगितलं तर मिश्या दोन्ही."

आकाराम आणि नाथाजीनं एकमेकांकडं पाहिलं. दोघांचे हात आपोआप मिशीकडं गेले.

हवालदार पुढं आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ट्रक थांबेल असा आवाज गळ्यातून काढावा लागला.

"थांबा! निकाल कुनी सांगितला?"

"कंडक्टरनं."

"कंडक्टर सांगंल ते धरायचं, अशी अट हाय?"

"न्हाई."

"तालमीच्या रेडिओनं सांगितलंय?"

"रेडिओ हाय कुठं?"

"मग निकाल लागल्याला न्हाई," हवालदार म्हणाले. "पंच म्हनून सांगतो. पैज मोडली. गुरवारी लगीन हाय, समद्यांनी यायाचं."

नाथाजीनं आकारामला मिठी मारली, तालमीत मारायचे तशी, पण न पाडता. "ज्या कुनी त्यो रेडिओ न्हेलाय," आकाराम मिठीतूनच म्हणाला, "त्येच्या पोराबाळांचं मारुती भलं करूंदे." यावर सगळ्या गावानं "करूंदे" म्हटलं. त्यात रंगूबाई आणि हरणाबाईचाही आवाज होता, आणि त्याच दिवशी मिरजेच्या अर्ध्या वाटेतून परत फिरलेल्या गुंडाचाही. विहिरीतला वस्तारा काढायला आता पोहणारा माणूस शोधत होता तो.

गुरुवारी लग्न लागलं. शालनच्या मागं मामा म्हणून हवालदार उभे राहिले, हातात बॅटरी घेऊन. दोन्ही मिश्या मांडवात अशा मिरवल्या की फोटोवाल्याला नवरानवरीला पुढं बोलवावं लागलं.

शुक्रवारी सकाळी रेडिओ फळीवर आला. शेजारी मूठभर ज्वारी होती. हवालदारांनी या वेळी ती फुंकली नाही. उलट खिशातून चार दाणे काढून त्यांनी त्यात टाकले आणि मारुतीला हात जोडले. संध्याकाळी सगळं गाव हौद्याच्या कडेनं बसलं, राज्यात सरकार कुणाचं येणार ते ऐकायला. हवालदारांनी खटका फिरवला. रेडिओ बोलला नाही. त्यांनी पुन्हा फिरवला. मग पाठीमागचं झाकण उघडून आपल्या तीन सेलच्या बॅटरीचा लख्ख उजेड आत मारला.

त्या रेडिओला चार सेल लागत. आत एकच होता.